हरीण कुणासाठी थांबतं

लहानू भांगरे थांब्यावर उभे राहिले की हरीण हमखास थांबतं, ही गोष्ट आंबेखोऱ्यात पसरायला पंधरा दिवससुद्धा लागले नाहीत.

हरीण म्हणजे नवलनगरीची बस. तपकिरी रंग, अंगावर पांढरे ठिपके, समोरच्या काचेखाली रंगवलेले दोन काळेभोर डोळे, आणि आत चालक नाही. सात वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या या पठारावर नवलनगरी उभी राहिली. आकाशपाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, खोट्या बर्फाचा डोंगर, चार मोठी हॉटेलं. सरकारने जमीन दिली ती एका अटीवर: नगरीभोवतीच्या चौतीस किलोमीटरच्या रस्त्यावर जी बस धावेल ती सगळ्यांना फुकट असली पाहिजे, पाहुण्यांना आणि रस्त्यालगतच्या अकरा गावांनाही. त्यामुळे सुट्टीला आलेलं सुरतेचं कुटुंब आणि दवाखान्याला निघालेली आंबेखोऱ्याची म्हातारी एकाच हरणात बसायची, निदान कागदावर तरी. फुकट बस आल्यावर काळीपिवळी जीप बंद पडली, एसटीची फेरीही बंद झाली. आता या रस्त्याला हरणाशिवाय दुसरं काही नव्हतं.

रविवारी लहानूंची मुलगी वृषाली घरी जेवायला आली तेव्हा तिच्या नानांनी ही बातमी तिला स्वतःच सांगितली. ती नवलनगरीच्या वाहतूक कक्षात मुख्य अभियंता होती आणि कर्मचाऱ्यांच्या वसाहतीत राहायची. आई गेल्यापासून नाना घरी एकटेच होते.

"लोक आता मला न्यायला येतात गं," नाना तिच्या ताटात भाकरी ठेवत म्हणाले. "ठमाबाई येती, वरच्या आळीचा गेणू येतो, काठीवाला. म्हणतात, कंडक्टर, चला, जरा उभं राहा. मी उभा राहिलो की हरीण थांबतं. मी नसलो की सरळ जातं निघून."

"पण तुम्ही रोज कुठे जाता?"

"मी कुठं जातोय! मी नुसता उभा राहतो. सगळे चढले की गाडीला सांगतो, मी येत नाही, जा तू. दार उघडं ठेवून वाट बघती माझी, म्हणून बाजूला सरकावं लागतं. मग जाती." नाना हसले. "सकाळी आठ ते दहा. एकतीस वर्षं एसटीत काढली, रस्त्यावर हात केलेला माणूस कधी सोडला नाही. त्या यंत्राला काय कळत असंल ते असो. पण मला वाटतं, कळतंय."

वृषालीने भाकरीचा तुकडा मोडला. यंत्राला काय कळतं आणि ते कुणी कळवलं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

चालकाशिवाय बस रस्त्यावर धावणं ही एव्हाना जुनी गोष्ट झाली होती. अवघड होतं ते बावीस बस एका गोल रस्त्यावर सारख्या अंतराने पळत्या ठेवणं. एक बस कुठे अर्धं मिनिट जास्त रेंगाळली की पुढच्या थांब्यावर गर्दी साठते, त्या गर्दीला चढायला आणखी वेळ लागतो, तोवर मागची बस येऊन चिकटते, आणि तासाभरात तीन-तीन बस एकीमागे एक अशा वरातीसारख्या फिरायला लागतात. हे टाळायचं तर थांब्यावरचा कोण माणूस किती वेळात चढेल, हे बसला लांबूनच कळायला हवं. वृषालीच्या यंत्रणेने ते माणसाच्या चालीवरून ओळखलं. थांब्यावरच्या कॅमेऱ्यात चेहरा टिपलाच जात नसे. दिसे ती फक्त आकृती. पाऊल किती लांब पडतं, अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ लागतो, खांदा कुठे कलतो, हातात ओझं आहे का. माणसाची चाल त्याच्या अंगठ्याच्या ठशासारखी त्याची एकट्याची असते. तिच्यावरून यंत्रणा सेकंद सांगायची. कॉलेजच्या मुलाला दोन. बाबागाडी घेतलेल्या आईला अकरा. गुडघे गेलेल्या माणसाला तीस.

वृषालीने यंत्रणेला एकच काम नेमून दिलं होतं: प्रवाशाला सरासरी जितकी वाट पाहावी लागते ती कमीत कमी कर. रोजच्या हजारो चढउतारांवरून शिकत शिकत यंत्रणेने ती नऊ मिनिटांवरून तीनवर आणली. कुणाला टाळ असं तिला कुणीच सांगितलं नव्हतं. ते तिचं तिनेच शोधून काढलं. ज्या थांब्यावर फक्त सावकाश चढणारी माणसं आहेत तिथे न थांबता पुढे गेलं, तर पुढच्या शेकडो जणांचा वेळ वाचतो. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती. वाट पाहून कंटाळून निघून गेलेला माणूस बसमध्ये चढलाच नाही, म्हणून त्याने किती वाट पाहिली हे कुठेच धरलं जात नव्हतं. दीड तास ताटकळून म्हातारी घरी परतली की ती आकड्यांतून नाहीशी व्हायची आणि सरासरी आणखी सुधारायची. थांब्यावरची पाटी मात्र 'पुढचं हरीण ४ मिनिटांत' असं दाखवत राहायची. चार मिनिटं झाली की पुन्हा चार.

जानेवारीत नानांचा फोन आला होता. "तुमचं हरीण मला बघून पळतंय गं. आज चौथ्यांदा गेलं. गुडघा शेकायला जायचं राहिलं."

वृषालीने दोन दिवस बसून नोंदी तपासल्या आणि तिला सगळं दिसलं. पण मार्चमध्ये सरकारची समिती येणार होती. सरासरी साडेतीन मिनिटांच्या आत दिसली तर हीच यंत्रणा राज्यात आणखी पाच ठिकाणी जाणार होती आणि तिची प्रमुख म्हणून वृषालीचं नाव ठरलं होतं. पुण्या-मुंबईच्या मुलामुलींनी भरलेल्या त्या कक्षात अकरा गावांपैकी एका गावची ती एकटीच होती. तिने स्वतःला सांगितलं, मार्च होऊ दे, मग लगेच दुरुस्त करू.

नाना मात्र डोळ्यांपुढून हलेनात. यंत्रणेत मंत्री, नट, मोठे गुंतवणूकदार अशांसाठी एक विशेष अतिथींची यादी होती. त्यातल्या कुणाची चाल दिसली की बस थांबायची, दार उघडून उभी राहायची. वृषालीने आंबेखोऱ्याच्या थांब्यावरचं चित्रण काढलं. पळत्या एसटीत एकतीस वर्षं उभं राहून पाय फाकवून टाकायची सवय, त्यात डावा गुडघा आखडलेला. नानांची चाल हजारांत ओळखू यायची. तिने ती यादीत टाकली. 'विशेष अतिथी क्रमांक १९.' पाच मिनिटांचं काम.

मार्च झाला. समितीने टाळ्या वाजवल्या. शाल, श्रीफळ, फोटो झाले. एप्रिल उजाडला तरी वृषालीने यंत्रणेला हात लावला नव्हता. आता दुरुस्ती करायची म्हणजे आकडा वाढणार, आणि तो का वाढला हे कुणीतरी विचारणार.

त्यात एक तक्रारही येऊन गेली होती. मदतकेंद्राच्या मुलीने फोनवरचं बोलणं शब्दशः उतरवून तिच्याकडे पाठवलं होतं. 'आंबेखोऱ्यातून ठमाबाई बोलते. हरीण थांबत नाही. मी त्याला दिसत नाही का?' वृषाली ठमाबाईला लहानपणापासून ओळखत होती. ठमाबाईच्या परसातले आवळे तिने फ्रॉकमध्ये भरून आणले होते. तिने उत्तर लिहिलं: 'या मार्गावरील सरासरी प्रतीक्षाकाळ तीन मिनिटे आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.'

त्या रविवारी ताटावरून उठताना ती नानांना एवढंच म्हणाली, "उन्हात फार वेळ उभे राहू नका."

"राहू दे गं," नाना म्हणाले. "बऱ्याच वर्षांनी कुणाच्यातरी कामाला येतोय."

एप्रिलच्या शेवटी नाना बहिणीच्या नातीच्या लग्नाला नाशिकला गेले. सहा दिवसांनी परत आले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्यांनी वृषालीला फोन केला. "घरी ये," म्हणाले, आणि ठेवला.

ती गेली तेव्हा ते ओट्यावर बसले होते. पाणीसुद्धा विचारलं नाही.

"ठमाबाईला तालुक्याला नेलंय," ते म्हणाले. "डाव्या पायाची दोन बोटं काढली. साखरेचा आजार, पायाला जखम. एक दिवसाआड आरोग्य केंद्रात जाऊन मलमपट्टी करायची होती. मी नव्हतो त्या आठवड्यात तीन खेपा गेली थांब्यावर. दोन दिवस उन्हात बसून घरी आली. तिसऱ्या दिवशी चालत निघाली, सात किलोमीटर. त्या पायानं."

वृषाली खांबाला टेकून उभी राहिली.

"गेणूनं काय केलं माहितंय? माझ्यासारखं चालून बघितलं. पाय फाकवून, थांब्यावर, सगळ्यांसमोर. लोक हसले म्हणे. पण हरीण नाही थांबलं." नानांनी तिच्याकडे पाहिलं. "मी असलो की थांबतं, नसलो की नाही. माझ्यात असं काय आहे? तू तिथं बसतीस. तू सांग."

तिने सांगितलं. सेकंद, सरासरी, नाहीशी होणारी माणसं, यादी. सांगताना तिची नजर ओट्याच्या फरशीवर होती. तिचं संपल्यावर नाना म्हणाले,

"म्हंजे तुला जानेवारीतच कळलं होतं."

"हो."

"आणि तू मला तेवढं हाताला धरून आत घेतलंस. बाकीच्यांना खाली ठेवून गाडी सोडलीस."

"नाना, मला वाटलं मार्चनंतर..."

"मी मिरवत होतो गं लोकांसमोर." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "ड्यूटीला न्यायचो तसा डबा घेऊन थांब्यावर जात होतो. गेणू मला म्हणायचा, कंडक्टर, गाडी तुमचा मान राखती. मी म्हणायचो, राखणारच."

ते उठून आत गेले. आतूनच म्हणाले, "माझं नाव काढ तिथनं. आजच."

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली कर्णिक मॅडमसमोर बसली होती. मेघना कर्णिक नगरीच्या सगळ्या कामकाजाच्या प्रमुख होत्या. वृषालीला गावच्या मुलाखतीतून निवडून, शिकवून इथवर आणणाऱ्या त्याच. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती जण?" त्यांनी विचारलं.

"थांब्यावरून निघून गेलेले? जानेवारीपासून चार हजार एकशे अठरा. काही माणसं त्यात पुन्हापुन्हा आहेत."

कर्णिक मॅडमनी चष्मा काढला. "आणि दुरुस्तीनंतर सरासरी?"

"कुणालाही बारा मिनिटांच्या वर थांबवायचं नाही आणि निघून गेलेल्यांची वाटही धरायची, असं केलं तर चार पूर्णांक सहा."

"कर. आजच कर." मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. "फक्त आवाज न करता. 'नियमित सुधारणा' म्हणून एका ओळीची नोंद टाक. मूळ कारण बाहेर गेलं तर त्या पाच ठिकाणचं काम जाईल, आणि पहिला बळी तुझाच जाईल. लोकांना बस हवी आहे, वृषाली. कारण नकोय."

वृषालीने मान डोलावली. पुढे कितीतरी दिवस तिला या मान डोलावण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली. कारण त्या क्षणी तिला हायसं वाटलं होतं.

गुरुवारपासून हरणं थांबायला लागली. अकरा गावांच्या सगळ्या थांब्यांवर, काठीवाल्यांसाठी, डोक्यावर बोचकं असलेल्यांसाठी, सगळ्यांसाठी. बुटक्या पायऱ्या बाहेर सरकायच्या, माणसं सावकाश चढायची. पाहुण्यांपैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही. यादीतला एकोणिसावा क्रमांक रिकामा झाला.

रविवारी नानांनी तिला जेवायला वाढलं, पण स्वतः तिच्यासोबत बसले नाहीत. दाराशी उभे राहून म्हणाले, "ठमाबाईकडं गेलीस?"

"बस आता थांबते, नाना. गेणूकाका काल एकटे जाऊन आले."

"ते बघितलं मी. मी विचारलं ते वेगळं."

सोमवारी सकाळी वृषाली रजा टाकून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेली. बायकांच्या वॉर्डात बारा खाटा होत्या. ठमाबाई खिडकीजवळच्या खाटेवर उशाला टेकून बसली होती, डावा पाय पट्ट्यांत गुंडाळून उशीवर ठेवलेला. तिची सून कांता खाटेपासून चांगली दोन हात लांब, भिंतीशी बाकावर बसली होती, पदराचं टोक नाकाशी धरून.

"लहानू कंडक्टरची ना तू?" ठमाबाईचा चेहरा खुलला. "ये, बस. लई मोठी झालीस म्हणतात."

वृषालीने मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली. वाटेत जुळवलेली वाक्यं एकेक करून निसटली. "मावशी, ती बस तुमच्यासाठी थांबत नव्हती ना," ती म्हणाली, "ते यंत्रणेचं... म्हणजे त्यात एक चूक होती. ज्यांना चढायला वेळ लागतो त्यांना ती सोडून जायची. तुमच्या पायामुळे तुम्हाला वेळ लागायचा, तेवढंच. दुसरं काही नव्हतं."

ठमाबाईने हळूच विचारलं, "म्हंजे वासामुळं नाही?"

"कसला वास?"

"पायाचा गं." ठमाबाईने आवाज खाली आणला. "चिघळला तवापासून यायचा. मला वाटलं, एवढं सगळं कळतंय त्या गाडीला, चालवायला माणूस लागत नाही, तर वास पण कळत असंल. आत सगळी पाहुणी मंडळी, धुतलेल्या कपड्यांतली. कशाला घेईल मला? म्हणून मी लांब, चिंचेखाली उभी राहायची. म्हटलं, माझ्यापायी बाकीच्यांची गाडी नको चुकायला."

वृषालीला तक्रारीनंतर पाहिलेलं चित्रण आठवलं. चिंचेखाली, चौकटीच्या अगदी कडेला दिसणारी ती आकृती. थांब्यापासून वीस पावलं दूर उभी, म्हणजे चढायला आणखी वेळ. यंत्रणेने तिच्यापुढे अठ्ठेचाळीस सेकंद लिहिले होते. आकडा वृषालीने पाहिला होता. ती तिथे का उभी आहे, हा प्रश्न तिला पडला नव्हता.

"मग घरी पण मीच सांगितलं," ठमाबाई पुढे म्हणाली. "कांताला म्हणलं, माझं अंथरूण पडवीत टाक. ती म्हणली, कशाला आत्या? मी म्हणलं, अगं, कंडक्टर उभा नसला तर गाडीसुद्धा घेत नाही मला, तुम्ही कसं सोसणार? मग तिलाही तसंच वाटायला लागलं. पोरांनाही जवळ येऊ देईना." तिने हातावर हात ठेवले. "तिचा काय दोष? मलाच माझी किळस यायची. तुझ्या नानांना बोलवायला तेवढी जायची, बाकी दोन महिने मी कुणाच्या दारात गेले नाही."

वृषालीला तिथून उठून जावंसं वाटलं. पुढे हीच हकिकत तिने सरकारच्या समितीकडे लेखी पाठवली, सभागृहात सांगितली, पत्रकारांनी तोंडापुढे धरलेल्या माइकसमोर सांगितली. नोकरी गेली, पाच ठिकाणचं काम थांबलं, कर्णिक मॅडमनी पुन्हा कधी तिचा फोन घेतला नाही. पण त्यांपैकी कुठेही तिला असं उठून जावंसं वाटलं नाही.

"कांते," ठमाबाईने हाक मारली, "इकडं ये. ही काय सांगती ते ऐक."

कांता बाकावरून उठली आणि दोन पावलं पुढे येऊन थांबली. पदर अजून नाकाशीच होता.

"सांग तिला," ठमाबाई वृषालीला म्हणाली. "मला सांगितलंस तसं."

वृषाली उभी राहिली. "यंत्रणेत एक चूक होती..." तिने खालच्या आवाजात सुरुवात केली.

"मोठ्यानं सांग," ठमाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, नुसती निकड होती. "तिला ऐकू जाऊ दे."

शेजारच्या खाटांवरच्या बायकांनी माना वळवल्या. औषधांची गाडी ढकलत निघालेली नर्सही थबकली.

"गाडी थांबत नव्हती ती माझ्यामुळे," वृषाली म्हणाली. या खेपेला आवाज वॉर्डच्या त्या टोकापर्यंत गेला. "मावशींच्या पायाचा, वासाचा काही संबंध नाही. गाडीला वास कळत नाही. ती मी बनवली होती. ती म्हाताऱ्या माणसांना सोडून जाते हे मला जानेवारीपासून माहीत होतं. मी माझ्या वडिलांपुरती ती थांबवली, आणि मावशींनी फोन केला तेव्हा त्यांना खोटं उत्तर लिहिलं."

कांताने नाकावरचा पदर सोडला. मग वृषालीकडे पाठ करून ती सासूच्या खाटेवर, तिच्या पायाशी जाऊन बसली.